‘वाक्यात उपयोग करा’ : जालना मुलखातील एका अभ्यासाची कुळकथा

जालना, अंबड, परतूर, भोकरदन या तालुक्यांतील शाळांमध्ये इंग्रजीच्या वहीत एक अभ्यास हटकून आढळतो. डाव्या बाजूस इंग्रजी वाक्प्रचार, मध्ये त्याचा अर्थ आणि उजव्या बाजूस, ज्याच्यावाचून पहिल्या दोहोंना परीक्षकाच्या लेखी फारशी किंमत नाही, असे विद्यार्थ्याने स्वतः रचलेले वाक्य. हा अभ्यास इंग्रजी अमदानीने आपल्याकडे आणला असा सर्वसाधारण समज आहे; परंतु ज्या मुलखावर इंग्रजांचा प्रत्यक्ष अंमल कधीच बसला नाही, जो १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या दौलतीत मोडत होता आणि जेथे कचेरीची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू राहिली, त्या मुलखात या अभ्यासाचे मूळ शोधू लागले की ते इंग्रजी शाळेच्या पुष्कळ मागे जाते. सत्तेच्या परक्या भाषेतील तयार वळणे पाठ करावी, ती कोणापुढे व कोणत्या प्रसंगी वापरावी याचे तारतम्य शिकावे आणि मग ती आपल्या लेखणीतून उतरवावी, ही विद्या येथील लेखनिक घराण्यांनी पिढ्यानुपिढ्या केली. इंग्रजी वाक्प्रचार लिहिताना आपल्या हातून ज्या चुका होत आल्या, त्यांतील पुष्कळशा अज्ञानातून नव्हे, तर या आधीच्या विद्येत मिळवलेल्या नैपुण्यातून उद्भवल्या, असे माझे मत आहे आणि त्याची उपपत्ती लावण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जालन्याच्या गतेतिहासातील एका नोंदीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अकबराच्या काळी हे गाव त्याच्या एका सरदाराकडे जहागीर होते आणि अबुल फज्लने काही काळ येथे वास्तव्य केले होते, असे गॅझेटियरात नमूद आहे. अबुल फज्ल १५९९ साली दक्षिणेत आला आणि १६०२ साली परतीच्या वाटेवर मारला गेला, म्हणजे हे वास्तव्य अल्पकाळचेच असणार. तथापि ज्या पुरुषाची पत्रे त्याच्या मृत्यूनंतर संकलित होऊन पुढील दोन-अडीच शतके हिंदुस्थानभरच्या मुन्शींना लेखनाचा आदर्श म्हणून पढवली गेली, तो ‘इन्शा’ या शास्त्राचा सर्वश्रेष्ठ अधिकारी कुंडलिकेच्या काठी राहून गेला होता, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. इन्शा म्हणजे पत्रलेखनाची कला, आणि तिचे सारे रहस्य पूर्वसिद्ध वाक्खंडांच्या निवडीत होते. वरिष्ठास लिहिताना कोणते अलकाब, म्हणजे संबोधनाच्या पदव्या, बरोबरीच्यास कोणते, कनिष्ठास कोणते. दुआ कोठे यावी, अर्ज कोठे सुरू व्हावा, मजकूर कोठे आवरता घ्यावा. या सर्वांचे संकेत ठरलेले असत आणि मुन्शीचा मुलगा ते नमुने गिरवून गिरवूनच मुन्शी होई. साधी गोष्ट साध्या शब्दांत सांगणे हे या विद्येत अपुरेपणाचे लक्षण समजले जाई. वाक्प्रचार हा तेथे दागिना होता, आणि ज्याच्या पत्रात तो उंची व मुबलक, त्याची योग्यता मोठी.

मराठी लेखनिकही या परंपरेपासून अलिप्त राहिले नव्हते. आमच्याकडे मेस्तके, म्हणजे दप्तरी लेखनाच्या नियमांच्या पोथ्या, होती, लेखनप्रशस्ती होती, पत्राचा मायना कसा असावा याचे बारकावे होते. याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब गावी, १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांना दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास द्यावासा वाटला, यावरून लेखन हे त्या काळी किती जबाबदारीचे कर्म मानले जाई हे कळून येते. देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरी मोडीचे दप्तर चाले आणि ज्यांना त्यापुढे जाऊन सरकारदरबारी मान हवा असे त्यांना फारसी शिकावी लागे. या सहवासात शब्द तर मराठीत आलेच, पण शब्दांहून अधिक खोल जाणारी वस्तू, म्हणजे वाक्यातील वळण, तीही आली. शब्द बाजारात आणि छावणीत एका दिवसात हस्तांतरित होतो; वाक्प्रचार मात्र दोन भाषा एकाच माणसाच्या मनात वर्षानुवर्षे नांदल्याखेरीज एकीतून दुसरीत उतरत नाही. शपथ ‘खाणे’ आणि हवा ‘खाणे’ ही बोलणी फारसीतील तशाच क्रियापदाच्या छायेत आपल्याकडे रुजली. ‘गम खाणे’ याची कथा तर अधिक मनोवेधक आहे. फारसीत त्याचा अर्थ दुःख करणे, चिंता वाहणे असा. मराठीत मात्र त्याचा अर्थ झाला धीर धरणे, राग गिळून स्वस्थ बसणे. वाक्प्रचार घर बदलतो तेव्हा त्याचा स्वभावही पालटतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राजव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. परंतु ही अशी वळणे कोणत्याही कोशकाराच्या हाती न लागता भाषेत राहिली, कारण ती परकी आहेत हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला या ऋणाचा विस्तार नीट दिसला.

इंग्रजी भाषा या मुलखात आली ती शाळेच्या दाराने नव्हे, तोफांच्या मागोमाग. १८०३ सालच्या सप्टेंबराच्या २ तारखेस कर्नल स्टीव्हन्सन याने जालना घेतले. २१ तारखेस बदनापूर येथे त्याची आणि आर्थर वेलस्ली याची भेट झाली. दोघांनी दोन वेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर एकत्र चालून जावे असे ठरले. पण २३ तारखेसच वेलस्लीला शत्रूची फौज अनपेक्षितपणे समीप आढळली, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, आसई गावापाशी, लढाई दिली. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत असता, समोरासमोरच्या दोन काठांवर दोन खेडी वसलेली पाहून, ज्या अर्थी अशी जवळजवळ गावे आहेत त्या अर्थी त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान त्याने केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या बाजूस दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. या मोहिमेत वेलस्लीने लिहिलेली पत्रे पुढे छापली गेली आणि ती वाचली म्हणजे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याचे गद्य किती रोखठोक होते याची कल्पना येते. अबुल फज्लची पत्रे आणि वेलस्लीची पत्रे, दोन्ही जालना मुलखाच्या मातीवरून फिरलेल्या पुरुषांची. पण लेखनाच्या दोन परस्परविरुद्ध आदर्शांची ती प्रतिनिधी आहेत. दुर्दैव असे की येथील लेखनिकांना पहिला आदर्श हस्तगत होता आणि दुसऱ्याची त्यांना ओळख करून देणारे कोणी नव्हते.

लढाईनंतर जालन्यास पलटणींची छावणी पडली. छावणीने किती शब्द दिले-घेतले याचा हिशेब लांबवण्याचे येथे प्रयोजन नाही; पहाऱ्यावरील शिपायाची ‘हू कम्स देअर’ ही इंग्रजी हाक आपल्या लोकांच्या तोंडी ‘हुकूमदार’ झाली, एवढे एक उदाहरण पुरे. इंग्रज शिपाई गडी-बाजारवाल्याशी जी भाषा बोलत असे ती मोडकी हिंदुस्थानी, आणि आपसात जी बोलत असे ती ऐकायला मराठी माणूस तेथे नसे. त्यामुळे वाक्प्रचारांची देवघेव छावणीने काही केली नाही. गावाचे नाव मात्र तिने दूरवर नेले. माझो द ला रोश या कॅनडातील लेखिकेने १९२७ साली ‘जालना’ नावाची कादंबरी लिहिली, तिला दहा हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि त्या कादंबरीतील व्हाइटओक घराण्याच्या वाड्याचे नाव कर्त्या पुरुषाने आपल्या जुन्या लष्करी ठाण्यावरून ठेवलेले दाखवले आहे. ज्या लाखो वाचकांनी ती मालिका वाचली त्यांतील बहुतेकांना कुंडलिका नदी कोठे आहे हे ठाऊक नसेल.

इंग्रजी वाक्प्रचार ज्याच्या ओठांवर सहज होता असा एक मराठी पुरुष या मुलखात आला तो मिशनच्या मार्गाने. नारायण शेषाद्री हे मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयातील ब्राह्मण विद्यार्थी. १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे जालन्यास येऊन जवळच बेथेल नावाची वसाहत उभारली. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पांढरे पागोटे बांधलेल्या या मराठी माणसाने इंग्रजीत भाषण केले. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, भाषेच्या अभ्यासकाला त्यांच्यापासून एक गोष्ट शिकता येते. त्यांनी इंग्रजी घोकली नव्हती. जे लोक ती बोलत त्यांच्या सहवासात ते विद्यार्थिदशेपासून वाढले होते. वाक्प्रचार त्यांना प्रसंगांतून मिळाले, यादीतून नव्हे. परंतु असा सहवास जालन्याच्या किती मुलांच्या वाट्याला येणार? बाकीच्यांना यादीवरच भागवावे लागले.

ती यादीही सरळ मार्गाने आली नाही. हैदराबाद संस्थानात १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू कारभाराची भाषा झाली. अव्वल तालुकदारापासून, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यापासून, गिरदावरापर्यंत, म्हणजे महसुली मंडळाच्या अधिकाऱ्यापर्यंत, सर्वांचे दप्तर उर्दूत गेले आणि ज्या मराठी घरांनी फारसीत पिढ्या घालवल्या होत्या त्यांना नव्याने पाटी घ्यावी लागली. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, त्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. पण ती देशी भाषा उर्दू होती, मराठवाड्याच्या घराघरांतील मराठी नव्हे. इंग्रजी हा विषय सक्तीचा राहिला. जालन्याहून सुमारे चाळीस मैलांवर, औरंगाबादेस, मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा संसार अनेक वर्षे चालवला, आणि १९३७ साली त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध झाला तेव्हा इंग्रजी संप्रदायांना उर्दू मुहावरे शोधण्याचे एक दुष्कर काम पुढे सरकले. आता या मुलखातील मराठी विद्यार्थ्याची स्थिती मनात आणून पाहावी. आईशी तो मराठीत बोले, गणित व इतिहास बहुधा उर्दूत शिके, आणि इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ त्याला उर्दू मुहावऱ्याच्या रूपाने सांगितला जाई, जो मुहावरा त्याने स्वतःच्या घरी कधी ऐकलेला नसे. परक्याचा अर्थ दुसऱ्या परक्याच्या मुखातून ऐकून तिसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मनाने त्याचे वाक्य रचावे, असा हा द्राविडी प्राणायाम होता. तो करून जे विद्यार्थी इंग्रजीत उत्तम लिहू लागले, त्यांच्या परिश्रमांविषयी मला अत्यंत आदर वाटतो.

पण याच वळणावर तो जुना संस्कार आड आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही आपल्या लोकांनी इंग्रजीत लिहिलेल्या अर्जांची इंग्रज अधिकाऱ्यांनी फार थट्टा केली. वाक्यावाक्याला वाक्प्रचार, जेथे एक विशेषण पुरे तेथे तीन, रजेच्या अर्जात प्रलयकाळाची भाषा, आणि शेवटी ‘युवर मोस्ट ओबिडिएंट सर्व्हंट’. थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. हे लिहिणारा मूर्ख नव्हता. तो इन्शाच्या शाळेत तयार झालेला होता आणि सत्तेपुढे कागद ठेवताना आपल्या भांडारातील सर्व अलंकार त्यावर चढवावे, हाच शिष्टाचार त्याला शिकवला गेला होता. फारसीत जे सौजन्य तेच इंग्रजीत हास्यास्पद ठरेल, हे त्याला कोणी सांगितले नाही. कारण इंग्रजीत वाक्प्रचाराचे स्थान नेमके उलटे आहे. तो दरबारी पोशाख नव्हे. तो बहुधा शेतावरून, गलबतावरून, तबेल्यातून, खेळाच्या मैदानावरून आलेला आहे आणि तो वापरणारा माणूस आपल्या ऐकणाऱ्याशी थोडी सलगी करीत असतो. वरिष्ठापुढे मान वाढवण्यासाठी तो घातला की सलगीचा आभास होतो आणि शोकपत्रात घातला की अवमान होतो. ‘टू किक द बकेट’ म्हणजे मरणे, एवढा अर्थ यादीत दिलेला असतो. पण तो प्रयोग थट्टेच्या बोलीतला आहे, दिवंगत वडिलांविषयी तो लिहू नये, हे यादी सांगत नाही. मराठीत ‘गचकणे’, ‘कैलासवासी होणे’, ‘राम म्हणणे’ आणि ‘मरणे’ यांत जो भेद आहे तो आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही; इंग्रजीत मात्र तो शिकवल्यावाचून कळणे अशक्य.

ब्रिटिश अमलाखालील मराठी मुलखात या कामी अधिक पद्धतशीर यत्न झाले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या नावाने १८४७ साली प्रसिद्ध झाला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनी आपले इंग्रजी उभारले. पुढे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण सर्व हिंदुस्थानात पसरले; त्यांतील रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करून गेलेला गृहस्थ, आणि ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचा कर्ताही तोच. मराठीच्या बाजूने वासुदेव गोविंद आपटे यांनी संप्रदाय व म्हणी एकत्र केल्या आणि दाते व कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाच्या प्रचंड कामानंतर वाक्संप्रदायांचा स्वतंत्र कोश दोन भागांत सिद्ध केला. ही सर्व सामग्री जालन्याच्या शाळांना मनमोकळेपणाने वापरता आली ती मात्र संस्थान विलीन झाल्यावर, आणि विशेषतः १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेल्यानंतर, जेव्हा मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या मुलाला इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ प्रथमच त्याच्या आईच्या भाषेत मिळाला.

अर्थ मिळाला तरी उपयोग साधतोच असे नाही, आणि या ठिकाणी मला थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे वाटते. वाक्प्रचार ज्या देशात जन्मला त्या देशाची हवा त्याच्या अंगी मुरलेली असते. इंग्रजीत ‘अ रेनी डे’ म्हणजे अडचणीचा दिवस. त्या दिवसासाठी पैसा शिल्लक टाकावा असे ते म्हणतात. ज्या बेटावर पाऊस ही नित्याची कटकट आहे तेथे हे स्वाभाविक. परंतु ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी, ज्याने १९७२ चा दुष्काळ सोसला आणि २०१३ सालच्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, तेथील मुलाला पावसाचा दिवस म्हणजे संकटाचा दिवस हे पटावे कसे? त्याच्या घरी पावसाचा दिवस हाच सुखाचा दिवस. म्हणून तो ‘फार्मर्स वेट फॉर अ रेनी डे’ असे वाक्य रचतो. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, आशयाने सत्य आहे, आणि वाक्प्रचाराचा उपयोग म्हणून संपूर्ण चूक आहे. तेथे त्याने लिहावयास हवे ते असे : ‘माय ग्रँडमदर सेव्ह्ड अ पार्ट ऑफ द कॉटन मनी फॉर अ रेनी डे.’ यात कपाशीचे पैसे आले म्हणजे प्रसंग त्याच्या घरचा झाला, शिल्लक टाकण्याची क्रिया आली म्हणजे अर्थ सिद्ध झाला, आणि पावसाचा संबंध सुटला. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ याचीही तीच गत. तेथे ऊन दुर्मिळ म्हणून ते आहे तोवर गवत वाळवून घेण्याची घाई. येथे ऊन अमाप, आणि घाई असते ती जमिनीला वाफसा आला म्हणजे पेरणी उरकण्याची. आमच्या शेतकऱ्याला त्या इंग्रज शेतकऱ्याचे मन कळावयाचे तर त्याने उन्हाच्या जागी वाफसा ठेवून पाहावा. मग भाव तत्काळ उमगतो, आणि लिहिताना मूळ शब्द कायम ठेवले की काम होते.

मूळ शब्द कायम ठेवणे, हा दुसरा कठीण नियम. ‘लीव्ह नो स्टोन अन्टर्न्ड’ यात ‘नो’ आधीच आहे; मराठीच्या सवयीने क्रियापदालाही नकार जोडला की अर्थ उलटतो. दगडाचे अनेकवचन केले की वाक्प्रचार मोडतो. ‘बीट अबाउट द बुश’ यात झुडपाऐवजी झाड घालता येत नाही, जरी झाडाभोवती फिरणे हे आमच्या डोळ्यांना अधिक परिचित असले तरी. काळ, पुरुष आणि वचन यांना वाव क्रियापदापुरता असतो, बाकीचा सांगाडा स्थिर. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की रचलेल्या वाक्यातून, बाजूचा अर्थ झाकला तरी, वाक्प्रचार काय म्हणतो ते वाचणाऱ्याला अनुमानाने कळले पाहिजे. ‘ही बर्न्ट द मिडनाइट ऑइल’ एवढेच लिहिणारा मुलगा काहीच सिद्ध करीत नाही. परीक्षा जवळ आल्यामुळे त्याने तसे केले, असे लिहिणारा सिद्ध करतो. आडगावी विजेअभावी ज्यांनी रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास केला त्या पिढीला तर या वाक्प्रचाराचा शब्दार्थही खरा होता, म्हणूनच त्यांना तो विशेष आवडे.

उलट दिशेची वाहतूकही कमी झाली नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ सालची. तिच्यासारख्या पुस्तकांतून इसापाचे पशुपक्षी मराठी शाळेत आले आणि कोल्ह्याला द्राक्षे आंबट ही म्हण आज कडवंचीच्या द्राक्षबागांतील मजूरही आपल्या आजीची म्हणून वापरतो. सिंहाचा वाटा त्याच कुळातला. प्रकाश टाकणे, मैलाचा दगड, पांढरा हत्ती, हिमनगाचे टोक ही वळणे वृत्तपत्रांनी आणली. पैकी काही भाषेत सुखाने नांदली; काही मात्र अजून पाहुण्यासारखी ओट्यावर बसलेली आहेत. हिमनग ज्या भाषिकांनी कधी पाहिला नाही त्यांना त्याचे टोक काय सांगणार, असा आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे. याउलट ‘जालना सोने का पालना’ हे या शहराविषयीचे लोकप्रिय बोलणे पाहावे. ते हिंदुस्थानीत आहे, मराठी माणसे ते अनुवाद न करता जसेच्या तसे म्हणतात, आणि पूर्वीच्या कापूस-बाजारापासून आजच्या बियाणे व पोलाद यांच्या धंद्यापर्यंत प्रत्येक पिढीने त्यात आपल्या काळचा अर्थ ओतला.

शेवटी ज्या एका वाक्प्रचाराचा या जिल्ह्याशी थेट संबंध पोहोचतो त्याविषयी लिहावयाचे राहिले. ‘टू मीट वन्स वॉटर्लू’ म्हणजे कायमचा, निर्णायक पराभव पावणे. १८१५ सालच्या जूनच्या १८ तारखेस वॉटर्लू येथे नेपोलियनचा ज्याने पाडाव केला तो वेलिंग्टन, म्हणजे बारा वर्षांपूर्वी केळणेचा उतार ओळखणारा तोच वेलस्ली. एकाच सेनापतीच्या दोन लढाया. एकीने इंग्रजी भाषेला वाक्प्रचार दिला, दुसरीने ना इंग्रजीला ना मराठीला. मराठीत पराभवाचे नाव पानिपत. ‘पानिपत होणे’ हा आमचा प्रयोग १७६१ च्या जानेवारीतून आला, आणि वॉटर्लूचे भाषांतर म्हणून बहुतेक मार्गदर्शिकांत तोच दिलेला असतो. तो सरसकट देऊ नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पानिपत म्हणजे भयंकर संहार, एका दिवसात पिढी कापली जाणे. पण पानिपतानंतर अकरा वर्षांच्या आत महादजी शिंद्यांनी दिल्लीत बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. वॉटर्लूनंतर नेपोलियनने चार दिवसांत राजत्याग केला आणि तो सेंट हेलेनाच्या बेटावरून परत आला नाही. एका शब्दात प्राणहानी मुख्य आहे, दुसऱ्यात शेवट मुख्य आहे.

तेव्हा भोकरदन-जाफराबादच्या बाजूच्या एखाद्या मुलाने, आपल्या गावाजवळची लढाई आठवून, दौलतराव शिंद्यांची आसई येथे वॉटर्लू झाली अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिले, तर शिक्षकाने त्याच्या स्थानाभिमानाची कदर करावी, परंतु वाक्य दुरुस्त करून द्यावे. आसईनंतर शिंद्यांची उत्तरेकडील फौज १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीस लढली, २९ नोव्हेंबरास अडगावची लढाई झाली, आणि तह झाला तो ३० डिसेंबरास सुर्जी-अंजनगाव येथे. तहानंतरही दौलतराव ग्वाल्हेरीस १८२७ पर्यंत गादीवर होते. हा सर्व कालक्रम वहीच्या समासात लिहून दाखवावा आणि मुलाकडून नेपोलियनविषयी नवे वाक्य लिहवून घ्यावे.